गेनपेईची उजवी सुरी

ओसाकाशेजारच्या आमच्या साकाईत एक सुरी तीन घरं फिरते. लोहार ती घडवतो, धारवाला पाण्यात बसून तिला धार काढतो आणि शेवटी आमच्यासारखं कोणीतरी मूठ बसवतं. पात्यावर नाव कोरतात ते दुकानाचं. लोहाराचं नाव कुठेच नसतं, धारवाल्याचं नसतं, माझं तर नसतंच नसतं. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चाललंय आणि त्यावरून कोणाच्या पोटात दुखलेलं मी पाहिलं नाही. दुखायचं ते एकट्या हिराओ गेनपेई लोहाराच्या.

त्याच्या गल्लीत मी सत्तावीस वर्षं मुठी बसवल्या. आता तो गेला, म्हणून मी गोड बोलेन अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्या. माणूस बुटका, मान आखूड, भुवया भट्टीत जळून गेलेल्या. भुवया नसल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कायम नवल वाटल्यासारखा भाव असे. प्रत्यक्षात त्याला जगातल्या कशाचंच नवल वाटत नव्हतं, स्वतःचं सोडून.

धारवाल्यांना तो बेडूक म्हणायचा. दुकानदार म्हणजे शाई चाटणारे. आणि आम्ही मुठी बसवणाऱ्या बायका म्हणजे काठ्या ठोकणाऱ्या. "मी वाघ तयार करतो," तो म्हणायचा, "आणि ही मात्सुए त्याला काठी लावते." मात्सुए म्हणजे मी. हे तो माझ्याच दुकानात, माझ्याच चटईवर बसून, माझाच चहा पीत म्हणायचा.

बरं, स्वतःच्या घरात काय होतं? त्याची बायको त्सुया जत्रेत घेतलेल्या एका गंजक्या सुरीने मुळा चिरायची. मुळा चिरला जात नसे, मोडला जात असे. नवऱ्याच्या भट्टीत आठवड्याला तीस पाती तयार व्हायची, पण ती सगळी पुढे जायची. घरासाठी एक काढून ठेवावी हे त्याला कधी सुचलं नाही. आणि त्याने घडवलेली सुरी मासा कशी कापते, आचाऱ्याच्या हातात कशी बसते, हे पाहायलाही तो चाळीस वर्षांत एकदाही कुठल्या खाणावळीत गेला नव्हता. "आचाऱ्यांना मासा कळतो. लोखंड काय कळणार?" झालं. सुरी हातात धरायची वस्तू आहे हे त्याच्या गावीच नव्हतं.

पात्याला पाणी द्यायची त्याची हातोटी मात्र गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. हे मला मनाविरुद्ध लिहावं लागतंय. पात्यावर माती लिंपून तो ते निखाऱ्यात धरायचा, दिवा मालवायचा, आणि रंग पिकल्या पर्सिमन फळासारखा लालसर नारिंगी झाला की त्याच क्षणी पाण्यात. एक श्वास आधी नाही की नंतर नाही. धारवाला कुमाझो त्याला उठता-बसता शिव्या घालायचा, पण त्याची पाती हातात आली की गप्प बसायचा.

त्याला एकच मूल होतं, मिसाओ. ही पोर जन्मतः डावरी. आमच्याकडे तेव्हा डावरं मूल म्हणजे घराला लागलेला डाग समजत, आणि सगळेच आईबाप थोडंफार रागवायचे, हातावर चापट मारायचे. गेनपेईने चापट मारली नाही. तो जेवायला बसला की पोरीचा डावा हात निळ्या टॉवेलने तिच्या कमरेला बांधायचा आणि गाठ पाठीमागे मारायचा. पोर पाच वर्षांचीही नव्हती. उजव्या हाताने तिच्या काड्या घसरायच्या, भात सांडायचा, आणि हा समोर बसून म्हणायचा, "सांडलेला उचल. त्याच हाताने."

त्सुया काही बोलत नसे. मिसाओ आठ वर्षांची असताना ती न बोलताच वारली.

त्यानंतर पोर शाळा सुटली की माझ्याकडे यायची. लाकडाच्या भुशात बसायची आणि डाव्या हाताने सगळं काही करायची. तिचा डावा हात काय सुंदर चालायचा! मी तिला एका मोडक्या पात्याला छोटी मूठ बसवून दिली होती, डाव्या हाताची. त्या सुरीने ती मला लोणच्यातला मुळा इतका पातळ कापून द्यायची की त्यातून खिडकी दिसावी.

"मावशी, बाबांना सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? तो मला विचारतोय कुठे?"

बापासमोर उजवा, बाकी जगात डावा, असं ती पोर पंधरा वर्षं जगली. आणि हा शहाणा सार्वजनिक स्नानघरात गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून चारचौघांत सांगायचा, "माझ्या पोरीचा हात मी सरळ केला. लोखंड असो नाहीतर पोर, गरम आहे तोवर वळवायचं." कुमाझोने हे मला येऊन सांगितलं तेव्हा मी हातातली मोगरी खाली ठेवली, नाहीतर समोरची मूठ फुटली असती.

पुढे मिसाओने लग्न केलं ते शोहेईशी. शोहेई भला मुलगा, पण कारखान्यात कामाला. तिथे न गंजणाऱ्या पत्र्यातून यंत्राने सुऱ्या कापत. गेनपेई म्हणाला, "बिस्किटं पाडतात तशा सुऱ्या पाडणारा जावई मला नको. त्या घरी जायचं तर या घराचा उंबरठा विसरायचा." मिसाओ विसरली. सहा वर्षं तिने गल्लीत पाऊल टाकलं नाही. ती मला बंदराजवळ भेटायची. याने मात्र सहा वर्षांत तिचं नावही घेतलं नाही. दुपारी काम थांबवून तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि ट्राममधून उतरणाऱ्या बायकांकडे बघायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, वारा घेतोय.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात मिसाओ माझ्या दुकानात आली, मागच्या दाराने.

"मावशी, मी बंदराजवळ खाणावळ काढलीय. सहाच खुर्च्या आहेत. बात्तेरा करते."

बात्तेरा म्हणजे पेटीत दाबलेला आंबट भात आणि त्यावर खारवलेला बांगडा. ओसाकाकडच्या माणसाला त्याचं नाव काढलं तरी भूक लागते.

"रोज चाळीस बांगडे काट्यावरून सोलायचे म्हणजे मला चांगली जाड पाठीची सुरी हवी. बाबांच्या हातची."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "राग गेला?"

"गेला नाही. म्हणून तर मागतेय." ती बोटाने भुशात रेघा ओढत होती, डाव्या हाताच्या. "तुम्ही त्यांना फक्त एवढंच सांगा, मिसाओला सुरी हवीय, भात्याच्या सणाला ती स्वतः घ्यायला येईल. हाताचं काही बोलू नका."

"अगं, पण तो नेहमीसारखी उजवीच करेल!"

"केली तर केली. मला बघायचंय, इतक्या वर्षांत त्यांनी एकदा तरी मला बघितलंय का. डावी सुरी दिली, तर मी तिथेच बसून त्यांच्याबरोबर सणाची संत्री खाईन. शोहेईला, आमच्या मुलीला घेऊन येईन. उजवी दिली तर पुन्हा येणार नाही. मग मला त्रास नाही, त्यांनाही नाही."

"पोरी, हा कसला जुगार?"

"मावशी, तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. मिसाओच्या बाजूने मी नेहमीच होते. शिवाय, खोटं कशाला बोलू, गेनपेईचं नाक एकदा तरी खाली आपटावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

मी निरोप सांगितला तेव्हा तो ऐरणीवर पात्याचा पोक काढत होता. त्याचा हातोडा थांबला.

"कोण येणार?"

"मिसाओ. भात्याच्या सणाला."

"हं," असं म्हणून त्याने पुन्हा हातोडा उचलला, पण तीन घाव ऐरणीच्या कडेवर पडले. नंतर म्हणाला, "ही सुरी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागणार नाही. घडवणार मी, धार मी लावणार, मूठही मी बसवणार."

"तुम्ही? मूठ?"

"त्यात काय आहे? भोकात पात्याचं शेपूट घालायचं आणि ठोकायचं. तुम्ही बायका जमवता, मग मला नाही जमणार?"

"जमेल की, गेनपेई-सान. तुम्हाला काय जमत नाही!"

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. नेहमीच जायचा.

पुढचे पाच आठवडे त्याने दुकानाची कामं मागे टाकली. मऊ लोखंडाच्या पट्टीवर टाकणखार भुरभुरून तो पोलादाचा तुकडा ठेवायचा, तापवून एकजीव करायचा, नंतर नाक वाकडं करून कोपऱ्यात भिरकावायचा. अशी अकरा पाती त्याने टाकली. आमच्या सुरीला धार एकाच बाजूने असते. एक बाजू उतरती, दुसरी सपाट, आणि पोलाद त्या सपाट बाजूला. ते कोणत्या बाजूला बसणार हे पहिल्या घावालाच ठरतं. डावऱ्या हातासाठी सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. एकदा जोड बसला की मग कोणाच्या बापालाही तो फिरवता येत नाही.

मी दारातून पाहिलं. पोलाद नेहमीच्याच बाजूला होतं. बाराव्या पात्यालाही.

नोव्हेंबर लागला तसा तो माझ्याकडे आला, मूठ निवडायला. मी शब्द दिला होता, हाताचं बोलायचं नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी जे विचारते ते याला विचारणं मला भाग होतं. मी त्याच्यासमोर दोन मुठी ठेवल्या. दोन्ही होओ झाडाच्या लाकडाच्या, दोन्हींना म्हशीच्या शिंगाची काळी कडी. फरक एकच. आमच्या मुठीला एका अंगाने बारीक उंचवटा असतो, बोटांच्या वळणात बसणारा. एकीचा उंचवटा उजवीकडे होता, दुसरीचा डावीकडे.

"कोणता हात?" मी विचारलं.

"काय कोणता हात?"

"ज्याची सुरी आहे त्याचा कोणता हात?"

त्याने दोन्ही मुठींकडे पाहिलं. डावी मूठ उचललीसुद्धा. तिच्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता तरी आठवेल, निदान तो निळा टॉवेल आठवेल. त्याने ती भुशात टाकली.

"हात म्हणजे उजवा. माझ्या घरात डावरं कोणी नाही. होतं ते मी बरं केलं." उजवी मूठ बाहीत सरकवून तो उठला. "काठ्या ठोकून ठोकून डोकंही लाकडाचं झालंय तुझं, मात्सुए."

मला आनंद झाला. तो दारातून बाहेर पडला आणि मला अगदी उकळ्या फुटाव्यात तसा आनंद झाला. ही माझी लायकी. त्या आनंदात मिसाओ मी पार विसरले होते.

भात्याचा सण आठ नोव्हेंबरला येतो. त्या दिवशी साकाईतला एकही लोहार भट्टी पेटवत नाही. भाता पुसून त्याला पेंढ्याची पवित्र दोरी बांधतात, ऐरणीवर संत्री, साके आणि लाल भात ठेवतात, आणि वर्षभर राबलेल्या आगीला एक दिवस झोपू देतात. लोहाराच्या हातून त्या दिवशी ठिणगी उडाली तर वर्षभर त्याच्या पात्यांना चिरा जातात, असं सगळेच मानतात. गेनपेई तर जास्तच मानायचा. आदल्या दिवशीच तो निखारे तीन वेळा विझवायचा.

मिसाओ सकाळी आली. हातात बांगड्यांची पिशवी होती. सहा वर्षांनी उंबरठा ओलांडताना तिने चपला नीट जुळवून ठेवल्या. गेनपेईने सणाचा कोट घातला होता, दाढी केली होती, हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं. सुऱ्या करणाऱ्याची ही गत! त्याने मलाही बोलावलं होतं, कशाला ते उघड होतं. काठ्या ठोकणारीला दाखवायचं होतं.

"ये," तो म्हणाला.

"आले," ती म्हणाली.

बापलेकीचं सहा वर्षांचं बोलणं एवढ्यात उरकलं. त्याने पांढऱ्या कापडातून सुरी काढली. मला मान्य करावं लागलं, तसं पातं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पोलाद आणि लोखंड जिथे मिळतात तिथे धुक्यासारखी एकसारखी रेघ, पाठ सरळ, टोकाकडे उतार असा की कुठे सुरू झाला ते कळू नये. मूठ मात्र तांदळाच्या दाण्याएवढी तिरकी बसली होती. शेपूट जास्त तापवून याने भोक जाळून मोठं केलं होतं.  ते बोलून दाखवायची गरजच नव्हती.

मिसाओने पात्याकडे पाहिलं, उलटवून पुन्हा पाहिलं. तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कापून बघ," गेनपेई म्हणाला. सुरी चालताना बघायची ही त्याची आयुष्यातली पहिली वेळ.

तिने फळी मांडली, बांगडा ठेवला, आणि सुरी डाव्या हातात घेतली.

"उजव्या हातात धर," हा लगेच म्हणाला. सवयीने. आवाजसुद्धा तोच, जेवणाच्या वेळचा.

"नाही धरत, बाबा."

तिने पाठीच्या काट्यावरून पातं ओढलं. धार इतकी तेज की सुरी लोण्यातून जावी तशी गेली, पण भलतीकडे. उलट्या हातात तशी सुरी काट्याला धरून राहत नाही, दर बोटभर अंतरावर बाजूला ओढते. मिसाओ मनगट फिरवून तिला जागेवर आणत होती, ती पुन्हा सुटत होती. शेवटी अर्धा बांगडा काट्यालाच चिकटून राहिला आणि फळीवर चिंध्या उरल्या.

"तुला धरताच येत नाही," गेनपेई म्हणाला.

"मला चाळीस बांगडे धरता येतात रोज. पंचवीस मिनिटांत." तिने सुरी पुसली, कापडात गुंडाळली आणि ऐरणीवर, संत्र्यांशेजारी ठेवली. "सुरी फार छान आहे, बाबा. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीला द्या."

ती चपला घालून निघून गेली. पळाली नाही, दारही आपटलं नाही. मी तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावले. ट्राम समोरच उभी होती, ती चढली आणि तिने काचेतून मला हात केला. डावा.

मी परतले तर हा तिथेच उभा होता, फळीवरच्या चिंध्यांकडे बघत.

"तुला ठाऊक होतं?"

"ती पाच वर्षांची होती तेव्हापासून."

"बोलली नाहीस."

"विचारलं की! दोन मुठी ठेवल्या तुमच्यासमोर. तुम्ही म्हणालात, घरात डावरं कोणी नाही." मग माझा तोल सुटला. "काळ्याकुट्ट खोलीत पात्याचा रंग ओळखता, गेनपेई-सान, आणि उजेडात समोर बसून जेवणाऱ्या पोरीचा हात ओळखता येत नाही? बेडूकसुद्धा ओळखेल! काठीसुद्धा ओळखेल!"

एवढं बोलून मी घरी आले आणि लाल भात खायला बसले. दोन घास गेले असतील नसतील, तोच कुमाझो एका पायात चप्पल घालून धावत आला.

"मात्सुए-सान! गेनपेईच्या भट्टीतून धूर येतोय!"

"आज?"

"आज! घणाचा आवाजही येतोय! वेड लागलं का म्हाताऱ्याला? अख्खी गल्ली रस्त्यावर आलीय. कोणी आत जायला तयार नाही. अपशकुन म्हणे."

"तुम्ही जा ना मग."

"मी? मला उद्या धारेच्या चाकावर हात ठेवायचाय, बाई. तुम्ही जा. तुम्हाला तो घाबरतो."

मला तो घाबरतो ही बातमी मला नवीन होती. मी गेले. भात्याची पवित्र दोरी त्याने सोडून बाजूला ठेवली होती, संत्री जमिनीवर लोळत होती, आणि सणाच्या कोटावर ठिणग्यांनी भोकं पडली होती. सांडशीत तापलेली पट्टी, त्यावर तो पोलाद ठेवत होता. त्याने घाव घातला, थांबला, पाहिलं आणि पट्टी कोपऱ्यात फेकली. तिथे आधीच दोन पडल्या होत्या.

"काय झालं?"

"हात," तो म्हणाला. "हात आपोआप त्याच बाजूला जातोय. डोक्याने उलटं म्हणतो आणि ठेवतो सुलटंच."

मला हसू आलं. मी ते दाबलं नाही. चाळीस वर्षं एका वळणाला लागलेला हात याला एका दुपारी दुसरीकडे वळवायचा होता. पुन्हा टॉवेल बांधायलाही कोणी नाही.

"ठेवताना आधी मला दाखवा," मी म्हणाले आणि ऐरणीपाशी उभी राहिले. "उलटं. नाही, अजून उलटं. हं, आता मारा." काठ्या ठोकणारी मात्सुए लोहाराला सांगत होती आणि तो ऐकत होता. दारात जमलेल्या गल्लीने हे डोळे भरून पाहिलं. सहाव्या खेपेला जोड बसला. बसला म्हणजे काय, कसाबसा बसला. मध्ये एक काळी केसाएवढी रेघ राहिली. नेहमीचा गेनपेई असं पातं उकिरड्यावरही टाकताना लाजला असता. पण त्याने ते ठेवलं.

पंधरा दिवसांनी ते पातं घेऊन तो माझ्या दुकानात आला. धार त्याने कुमाझोकडून लावून घेतली होती. चटईवर बसला. चहा मागितला नाही.

"मूठ बसवून हवीय."

"कोणता हात?"

मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मोगरी उचलणार नव्हते.  अखेर त्याने स्वतःचाच डावा हात उचलून माझ्यासमोर ठेवला, पालथा.

"तोंडाने सांगा."

"डावा," तो म्हणाला. "माझी मुलगी डावरी आहे."

भुशात टाकलेली ती मूठ मी जपून ठेवली होती. पात्याचं शेपूट मी निखाऱ्यात तापवलं, लाल होण्याच्या जरा आधी काढलं आणि मुठीच्या भोकात शिरवलं. चर्र झालं, गोडसर धूर आला. मग पातं खाली लोंबतं धरून मुठीच्या टोकावर मोगरीने टाक, टाक, टाक. पात्याला हात न लावता ते आपल्याच वजनाने वर सरकत जातं. हे गेनपेईने कधी पाहिलं नव्हतं. तो पुढे झुकून बघत होता. मी सुरी डोळ्यासमोर धरून मूठ सरळ आहे का ते पाहिलं. सरळ होती.

"त्यात काय आहे," मी म्हणाले, "भोकात घालायचं आणि ठोकायचं."

त्याने माफी मागितली नाही, पुढेही कधी मागितली नाही. कापडात सुरी गुंडाळून त्याने ती माझ्यापुढे सरकवली. स्वतः न्यायची हिंमत झाली नाही.

मी ती मिसाओला नेऊन दिली. तिने पात्यावरची काळी रेघ पाहिली, मूठ मुठीत धरली आणि लगेच कामाला लागली. पहिला बांगडा, दुसरा, दहावा. चाळीस झाले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं. आजही ती तीच सुरी वापरते. बापाने आयुष्यात केलेली सर्वांत भिकार सुरी. आणि सर्वांत उत्तम सुरी माझ्याकडे पडून आहे, कारण त्याने ती पुन्हा डोळ्यासमोर ठेवायला नकार दिला. मी उजव्या हाताची आहे, मला ती चालते. मूठ तिरकी आहे. सरळ करायला मला दहा मिनिटंही लागणार नाहीत, पण मी मुद्दाम केलेली नाही.

त्या दिवशी मी निघताना मिसाओने बात्तेराचा डबा भरून माझ्या हातात दिला. "बाबांना द्या. म्हणावं, डाव्या हाताने खाऊन बघा. एकदाच. मग मी येते."

मी निरोप शब्दशः सांगितला. गेनपेईने ऐरणीशेजारी बसून डबा उघडला आणि काड्या डाव्या हातात घेतल्या. पहिला तुकडा उचलताच निसटून मांडीवर पडला. दुसऱ्यांदा उचलला, तो जमिनीवर. भात फुटला, बांगडा एकीकडे गेला. सगळ्या गावाला नावं ठेवणारा हा माणूस, त्याला घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता. मी समोर बसून बघत होते, जसा तो बसायचा तसा. मला वाटलं होतं, मजा येईल.

त्याचा उजवा हात दर वेळी मदतीला पुढे यायचा. चौथ्यांदा आला तेव्हा त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"टॉवेल," तो खाली बघत म्हणाला, "निळा होता ना?"

"निळा होता. आणि गाठ मागे मारायचात, तिला सोडता येऊ नये म्हणून."

त्याने जमिनीवरचा भात उचलला. त्याच हाताने.